तिसरा खुंट

नवऱ्याने होडीचं इंजिन विकलं त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. तोवर त्याचा सगळा पसाराच होता. पहाटे बाहेरचा समुद्र, दुपारी नदीचं तोंड, मध्येच कुणी काही सांगितलं म्हणून पार पलीकडचं तळं. तीन तऱ्हेची जाळी, डबा भरून गळ, आणि घरी येणारे मासे मांजराच्याही तोंडाला पुसायला पुरणार नाहीत इतके. तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

मग एकदा जेवताना तो म्हणाला, "बस झालं. आता एकच पाणी आणि एकच पद्धत. बाबा करायचे तशी."

"म्हणजे अक्कल आली," सासरे म्हणाले. "फक्त तीस वर्षं लागली."

एकच पाणी म्हणजे घरासमोरची खाडी. ओहोटीला तिथला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. त्या चिखलात एका रांगेत बारा खुंट ठोकायचे, खुंटांना दोरी बांधायची, दोरीला गळ. एका ओहोटीला चालत जाऊन आमिष लावायचं, पुढच्या ओहोटीला मासे काढायचे. डिझेल नाही, वाऱ्याची भीती नाही. आणि मला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार.

नियमही एकच होता, सासऱ्यांना त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. समुद्राकडून मोजत तिसऱ्या खुंटाला भरतीचं पाणी लागलं की हातातलं टाकून मागे फिरायचं. "मग गळाला सोन्याचा मासा का लागेना," सासरे म्हणायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते व्हरांड्यातल्या खुर्चीतूनच धंदा करतात, म्हणजे बोलून.

पहिले दोन महिने मी खरंच सुखात होते. तो वेळेवर यायचा, वेळेवर झोपायचा, मुलीशी खेळायचा. बिट्टी चार वर्षांची. "बाबा ऑफिसला जातो," असं चिखलाकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायची.

मग मासे कमी झाले. तो म्हणाला, रांग थोडी पुढे न्यायला हवी, मासा पुढे सरकलाय. बाराही खुंट उपटले आणि शंभर पावलं पुढे ठोकले. आठवडाभर टोपली भरली. पुन्हा रिकामी झाली, पुन्हा शंभर पावलं.

धुणं माझ्याकडे, म्हणून मला आधी कळलं. त्याच्या पँटवरचा चिखल पूर्वी घोट्यापर्यंत असायचा. मग पोटरीपर्यंत आला. एका बुधवारी गुडघ्याच्या वर ओली रेघ होती, आणि ती चिखलाची नव्हती, पाण्याची होती.

"हे कुठे भिजलं?"

"अगं, मध्ये एक चर आहे. येताना थोडं पाणी असतं त्यात."

"जाताना?"

"जाताना कोरडा."

"म्हणजे तू पलीकडे असताना तो भरतो."

"भूगोल घेऊन पदवी केलीस म्हणून चिखलाचाही पेपर दिलायस का?" तो हसला. "तिसऱ्या खुंटाला पाणी लागायच्या आत निघतो मी. रोज. विचार बाबांना."

सासऱ्यांनी मान डोलावली. "नियम पाळतोय ना? मग झालं तर. सूनबाई, तुला काळजी करायला काहीतरी लागतंच. पूर्वी वारा होता, आता चर."

मी खिडकी मात्र सोडली नाही. खिडकीतून मला एक गोष्ट दिसायची जी तिथे उभं राहून त्याला दिसत नसावी. चराच्या पलीकडचा चिखल मध्ये फुगलेला होता, उशीसारखा. खुंट त्या फुगवट्यावर. भरती सुरू झाली की पाणी समोरून यायच्या आधी बाजूने चरात शिरायचं, गुपचूप, किनाऱ्याच्या आणि त्याच्या मधून. रोज मला वाटायचं, आज बोलेन. रोज तो शीळ घालत घरी यायचा आणि माझं बोलणं मलाच वेडगळ वाटायचं.

त्या शनिवारी दाढ दुखत होती म्हणून मी दवाखान्यात गेले. नंबर लवकर लागला, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. परत आले तर व्हरांड्यात सासरे पेपर तोंडावर घेऊन पेंगत होते. दारामागे बिट्टीचे रबरी बूट नव्हते.

"बाबा, बिट्टी कुठे?"

"गेली की बापाबरोबर. हट्टच धरला. म्हणाली, मला पण ऑफिसला जायचंय."

मी खिडकीशी गेले. लांब फुगवट्यावर एक मोठा ठिपका, एक छोटा पिवळा ठिपका. मोठा ठिपका वाकून गळ सोडवत होता. समुद्राकडे तिसरा खुंट कोरडा ठणठणीत. आणि अलीकडे, जिथे सकाळी काळा चिखल होता, तिथे एक चकचकीत पट्टा. तो बघता बघता रुंद होत होता.

मी चपला फेकून धावले. मागून सासरे ओरडत होते, "अगं, तिसऱ्याला लागलंय का?" चिखलात पाय उचलून टाकायला स्वप्नातल्यासारखा वेळ लागतो. हाका मारल्या त्या वारा उलटा असल्यामुळे माझ्याच तोंडात परत आल्या.

चराशी पोचले तेव्हा पाणी कमरेएवढं होतं आणि ओढत होतं. मी आत उतरले आणि कशीबशी पार झाले. पलीकडे बिट्टीने मला पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "आई पण आली ऑफिसला!"

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग वळून खुंटाकडे.

"पण अजून लागलं नाही," तो म्हणाला.

"तिला उचल."

"अगं, लागलंच नाहीये अजून..."

"उचल आधी!"

त्याने तिला खांद्यावर घेतलं. आम्ही उतरलो तेव्हा पाणी माझ्या छातीशी होतं. मी त्याचा पट्टा धरला होता आणि तो बिट्टीचे दोन्ही पाय. मध्यावर माझ्या पायाखालचा तळ गेला. नाकातोंडात पाणी शिरलं. त्याचा एक हात माझ्याकडे येताना दिसला आणि मी पट्टा सोडून दिला, त्या हाताने तिचा पाय सोडू नये म्हणून. चार-पाच पावलं वाहत गेले, मग गुडघ्याला चिखल लागला. वर पाहिलं तर तो अलीकडे उभा होता आणि बिट्टी रडत होती, एक बूट गेला म्हणून.

किनाऱ्यावर सासरे आले होते. त्या गुडघ्यांनी कसे आले कुणास ठाऊक. आम्ही तिघं धापा टाकत वळून पाहत होतो. चर आता दिसतच नव्हता, सगळं एकसारखं तांबूस पाणी. कितीतरी वेळाने त्या पाण्याने तिसऱ्या खुंटाला हात लावला.

सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "आमच्या वेळी रांग चराच्या अलीकडे असायची रे," ते म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं."

वाटलं, आता तो खुंट मागे आणेल. दोन दिवस तो खाडीकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी आमिष कापायला बसला.

"मासा पलीकडेच आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "इंजिन विकलं, जाळी दिली. आता माझ्याकडे एवढंच आहे. बिट्टीला नाही नेणार. एकटा जाईन. खुंटाकडे नाही, चराकडे बघेन."

"तिथून चर दिसत नाही."

"मग तू बघ."

म्हणून आता ओहोटीला बिट्टीला सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून मी बाहेरून कडी लावते आणि चराच्या तळाशी जाऊन उभी राहते. पाणी पायाला लागलं की हाक मारते. पहिल्या दिवशी तो पहिल्या हाकेला आला, धावत.

आज घोट्याला लागलं तेव्हा मी हाक मारली. त्याने हात वर केला, म्हणजे ऐकू आलं. मग दोन बोटं दाखवली. दोन गळ राहिलेत, आलोच.

आणि तो वाकला.

पाणी पोटरीशी आलं होतं. मी पुन्हा हाक मारली.