जाळीत न शिरणारा टायर

सासूबाईंनी सायकलचा टायर बोटांनी दाबून पाहिला आणि दुकानदाराच्या अंगावर टाकल्यासारखा परत केला.

"हा टायर म्हणायचा की बांगडी?"

"मावशी, बारीक टायर हलका पळतो. तुमच्या सुनेनंच मागितलाय."

सून मान खाली घालून उभी होती. परवा कारखान्यातून घरी येताना तिचं पुढचं चाक गटाराच्या लोखंडी जाळीत अडकलं आणि ती तोंडावर आपटली. टायर फाटला, कोपर सोलून निघालं.

"तो रुंद घाल. जाळीच्या फटीत शिरायचा नाही असा."

"बसेल. मडगार्ड जरा वर घेतो. खड्ड्यातले दणकेही कमी बसतील."

"नको," सून हळूच म्हणाली. "जड जातो तो, आई. उशीर होईल."

"कसला उशीर? मागे वाघ लागलाय का तुझ्या?"

सून बाहीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. दुकानदाराने उगाचच पाना पुसायला घेतला.

"बोल की. तोंड शिवलंय?"

"बाबा जेवणाआधीची गोळी घेऊन बसलेले असतात. भूक धरवत नाही त्यांना. आणि मी आल्याशिवाय तुम्ही कुणाला वाढत नाही."

ते खरंच होतं. जाऊबाईंच्या घरी जो तो आपापलं ओरपतो, यावर सासूबाई तासभर बोलू शकत. त्यांच्या घरात तसलं चालत नसे. उशिरा येणाऱ्याला त्या एका शब्दानेही बोलत नसत; बाकीच्यांना रिकाम्या ताटांपुढे बसवून ठेवत, एवढंच.

त्यांनी सुनेची बाही वर सारली. कोपर पाहिलं. बाही पुन्हा नीट खाली ओढली.

"रुंदच घाल रे."

"आई, पण—"

"आम्ही जेवून घेऊ."

"तुम्हीसुद्धा?"

"का, मला पोट नाही?" मग त्या दुकानदारावर घसरल्या. "आणि तू काय कान लावून बसलायस? हात चालव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ताटं वाढली. नवऱ्याने दाराकडे पाहिलं.

"अगं, ती यायचीय ना?"

"येईल तिच्या चालीनं. जेवा तुम्ही."

तो जेवू लागला. सासूबाई घास हातात धरून बसल्या. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली, दारावरून पुढे निघून गेली. कुणा दुसऱ्याची होती.

त्यांनी घास तोंडात घातला आणि दाराकडे बघत कितीतरी वेळ तो चावत राहिल्या.