जनार्दनरावांचा पानाचा डबा

श्रीपतरावांनी आपल्या कादंबरीच्या प्रकाशनाला मंदाकिनीबाईंना वक्त्या म्हणून बोलावलं, ही पहिली चूक. मंदाकिनीबाईंनी ती कादंबरी वाचली, ही दुसरी.

बडोद्यात पुस्तक-प्रकाशनाची एक रीत आहे. वक्त्यानं मागच्या पानावरचा मजकूर वाचायचा, पहिलं प्रकरण चाळायचं, ‘भाषा ओघवती आहे’ असं म्हणायचं आणि शाल-श्रीफळ घेऊन खाली बसायचं. यात कुणाचं काही बिघडत नाही. पण मंदाकिनीबाईंचा उभा जन्म बँकेत आणि रहस्यकथांत गेलेला. पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी खुनी मोकळा सोडणं होतं.

ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल त्यांचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं. ‘घोडा दारात येईपर्यंत तीन पानं, आणि तो खिंकाळला की आणखी एक. लढाईत तलवारींपेक्षा विशेषणं जास्त चालतात. आणि नायक? आईसमोर रडतो, शत्रूसमोर हसतो, पण त्याला भूक लागलीय, पोट बिघडलंय, असं कधी होत नाही.’ रहस्यकथेवर त्यांची श्रद्धा होती, पण ती आंधळी नव्हती. शेवटच्या पानावर जुळा भाऊ काढणाऱ्या लेखकाला त्या सरळ खिसेकापू म्हणत. प्रामाणिक लेखक सगळं वाचकासमोर मांडतो, फक्त भलत्या जागी उजेड पाडतो, असं त्यांचं म्हणणं. ‘जो माणूस गरजेपेक्षा जास्त मदत करतो, त्याच्यावर नजर ठेवा,’ हे वाक्य त्यांनी पुस्तकांपुरतं ठेवलं असतं तर शेजारणींशी त्यांचं बरं जमलं असतं.

हे श्रीपतराव त्यांचे होणारे व्याही. वीज मंडळातून निवृत्त झालेले, शांत, दांडिया बाजारात राहणारे. त्यांचा उन्मेष आणि मंदाकिनीबाईंची मोहना यांचा साखरपुडा झाला होता. कादंबरी होती श्रीपतरावांच्या पूर्वजांवर. जनार्दनराव हे एका सरदारांचे कारभारी. सरदारांचा पाचूचा शिरपेच चोरीला जातो, आळ गंगू नावाच्या दासीवर येतो. तिला फटके मारायचं ठरतं, पण थोर मनाचे जनार्दनराव मध्ये पडतात आणि तिला नुसतं शहराबाहेर घालवून देतात. त्यांच्या विशाल नेत्रांत करुणेचा सागर उचंबळतो. इथे प्रकरण संपतं आणि वाचकानं डोळे पुसायचे असतात.

मंदाकिनीबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी मागची पानं उलटली.

शिरपेचाच्या पेटीला किल्ल्या दोन. एक सरदारांकडे, आणि सरदार तापानं बेशुद्ध. दुसरी जनार्दनरावांच्या कनवटीला. चोरीच्या दुसऱ्या दिवशी जनार्दनराव मनःशांतीसाठी चाणोदला नर्मदास्नानाला जातात, आणि बैलगाडीत वाटभर पानाचा डबा मांडीवरून खाली ठेवत नाहीत. आधीच्याच प्रकरणात वैद्यांनी त्यांचं पान बंद केलेलं होतं. पुढच्या प्रकरणात त्यांच्या घराला दुसरा मजला चढतो.

“अरे देवा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “यांनीच नेला.”

मोहनानं लॅपटॉपवरून मान वर केली. “कोणी काय नेलं?”

मंदाकिनीबाईंनी सांगितलं. मोहनानं लॅपटॉप मिटला. “आई, पाया पडते. ‘ओघवती’ म्हण आणि खाली बस ने.”

“तो शब्द मी जन्मात उच्चारला नाही.”

“मग माझ्यासाठी उच्चार. पहिल्या रांगेत जयसिंगकाका असणार. त्यांनी नाही म्हटलं तर त्या घरात कुकरसुद्धा शिट्टी देत नाही. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांना तू चोर म्हणालीस तर लग्न होईल माझं?”

हे खरं होतं. जयसिंगराव म्हणजे श्रीपतरावांचे थोरले चुलतभाऊ. दर दसऱ्याला जनार्दनरावांच्या तसबिरीला हार घालायचा मान त्यांचा.

मंदाकिनीबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. मुलीचं सुख एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक कागदावरची दासी. तराजू कुठे झुकायला हवा ते त्यांना कळत होतं. पण रहस्यकथेत निरपराध माणूस अडकलेला असला की त्या शेवटापर्यंत जेवतसुद्धा नसत, आणि इथे तर शेवट करायचाच राहिला होता. सकाळी त्या पुस्तक पिशवीत घालून श्रीपतरावांकडे गेल्या.

श्रीपतरावांनी स्वतः चहा केला. बारशाला बाळ दाखवणाऱ्या माणसाचा चेहरा करून म्हणाले, “कसं वाटलं, विहीणबाई?”

“वैद्यांनी पान बंद केलं होतं ना त्यांचं?”

श्रीपतरावांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, “तुम्हाला दिसलं?”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“डब्याची गोष्ट आमच्या आजीनं सांगितली. तिला तिच्या सासूनं. हळू आवाजात सांगायचे सगळे. मी तो डबा किती वेळा खोडला, विचारू नका. खोडला की झोप यायची नाही, म्हणून परत लिहायचो.” त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. “मी खोटं काही लिहिलं नाही हो. विशेषणं तेवढी घातली.”

“घरच्यांनी वाचलं नाही?”

“सगळ्यांनी वाचलं. जयसिंगभाऊंच्या डोळ्यांत तर पाणी आलं.”

“वाचलं असतं तर तोंडचं पाणी पळालं असतं.”

श्रीपतराव पहिल्यांदाच हसले. मग चहाकडे बघत म्हणाले, “तुम्ही रहस्यकथा वाचता म्हणून तुम्हाला बोलावलं. दुसरं कुणी पकडणार नाही, माहीत होतं. त्या गंगूच्या बाजूनं इतक्या वर्षांत एक वाक्य कुणी बोललेलं नाही. माझ्यानं होत नाही. पहिली रांग बघितली की माझी जीभ टाळूला चिकटते.”

“आणि मोहनाचं काय?”

“लग्न उन्मेषचं आहे. जनार्दनरावांचं नाही,” श्रीपतराव म्हणाले. पण हे ते जयसिंगरावांसमोर म्हणू शकतील असं त्यांच्या आवाजावरून वाटत नव्हतं.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. एका माजी प्राध्यापकांनी रीतीप्रमाणे भाषण केलं आणि जनार्दनरावांचा उल्लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘जगन्नाथराव’ असा केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मंदाकिनीबाई उठल्या. मोहनानं डोळे मिटून घेतले.

“मला ऐतिहासिक कादंबऱ्या आवडत नाहीत,” त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या करकरल्या. “त्यांत मेलेल्या माणसाला पदरचं बोलायला लावतात. रहस्यकथेत मेलेला माणूस निदान गप्प असतो.”

मागे कुणीतरी हसलं. जयसिंगराव हसले नाहीत.

“पण या पुस्तकात गंगू आहे. तिचे डोळे विशाल नाहीत, तिच्या मनात सागर नाही. तिच्या वाट्याला एकच वाक्य आलंय. ‘मी किल्ली डोळ्यांनी पाहिली नाही.’ मी इतकी पुस्तकं वाचली, निरपराध माणसाचं वाक्य मला ऐकू येतं. माझ्या मते चोरी गंगूनं केली नाही. आणि हे लेखकालाही माहीत आहे, म्हणून मला लेखक आवडला.”

श्रीपतराव मंचावर खाली मान घालून बसले होते.

“मंदाबेन,” जयसिंगराव बसल्या जागेवरून म्हणाले, “मग चोरी केली कोणी?”

सभागृहात पंख्यांचा आवाज येऊ लागला. मोहनाचं लग्न त्या आवाजात गरगर फिरत असल्यासारखं मंदाकिनीबाईंना वाटलं.

“पुस्तकात आहे,” त्या म्हणाल्या.

“पुस्तकात कुठे?”

“आत.”

त्या दिवशी विक्रीच्या टेबलावर एक प्रत उरली नाही. ज्या नातेवाइकांना आयुष्यभर पुस्तक भेट मिळायची सवय, त्यांनी पैसे देऊन घेतलं. त्यानंतर आठवडाभर त्या घराकडून फोन आला नाही. उन्मेष मोहनाला ‘सगळं ठीक आहे’ एवढाच मेसेज पाठवी, आणि ज्या घरात सगळं ठीक असतं तिथून असा मेसेज रोज येत नाही.

मग एका दुपारी जयसिंगराव स्वतः आले. हातात पुस्तक, पानापानांत कागदाचे कपटे. मोहना स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली.

“वाचलं,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच. आधी बघितलं होतं.” मग पुस्तक उघडून त्यांनी बोट ठेवलं. “किल्ली जनार्दनरावांकडे होती, कबूल. पण चोरीच्या आदल्या रात्री जेवायला शेजारी कोण बसलं होतं? धाकटा भाऊ. काढली असेल की नाही कनवटीची? त्या भावाची शाखा पुण्याला असते.”

जयसिंगरावांना सगळा उलगडा पुण्याला नेऊन ठेवायचा होता, हे मंदाकिनीबाईंना समजलं. त्या क्षणी मान डोलावली असती तर लग्न पक्कं होतं. त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. “चोरी झाली त्या रात्री भाऊ डभोईला होता. हे बघा.”

जयसिंगरावांनी चष्मा पुसून ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकदम म्हातारे दिसले.

“लहानपणापासून पाया पडत आलोय हो त्या तसबिरीच्या,” ते म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “घाबरले असतील,” त्या म्हणाल्या. “चोरी लपवायला दुसऱ्याला पुढं करणारा माणूस घाबरलेला असतो. फटके चुकवले, एवढं तर खरं आहे ना?”

जयसिंगराव पाणी प्यायले. “आणि ती बाई? तिचं पुढे काय झालं?”

“ते श्रीपतरावांनाही माहीत नाही.”

“माहीत करायला हवं होतं,” जयसिंगराव पुटपुटले. मग दाराकडे वळून म्हणाले, “अग ए, बाहेर ये. तूपण आईसारखीच वाचतेस का?”

“मी काहीच वाचत नाही, काका,” मोहना म्हणाली.

जयसिंगरावांचा चेहरा जरा सैल झाला. “मग ठरल्या दिवशी लग्न. दसऱ्याला हार श्रीपत घालेल, त्याला सगळं माहीत असून घालायचा असेल तर. मला जमायचं नाही.” ते उठले, चपलेत पाय घातला, आणि दाराशी घोटाळले.

“मंदाबेन, असलं दुसरं एखादं आहे का तुमच्याकडे? पण आमचं कुणी त्यात नको.”