तिसऱ्या पायरीचा पुरावा

पंचाहत्तरीला टेकलेली ऑर्तेन्सिया व्हियालपांदो नगरपालिकेच्या वारसा कचेरीत खेटे घालत होती, ते एका पायरीसाठी. अडुसष्ट साली पूर्व लॉस एंजेलिसमधल्या तिच्या शाळेची मुलं वर्ग सोडून बाहेर पडली होती. स्पॅनिश बोललं की फळीचे फटके बसत, म्हणून. फाटकाच्या तिसऱ्या पायरीवरून तिने घोषणा दिल्या होत्या. आता फाटक रुंद करायला त्या पायऱ्या तोडणार होते.

"आजी, पुरावा लागेल," कारकून म्हणाला. "फोटो, कागद, काहीतरी."

फोटो आईने तेव्हाच भीतीपोटी जाळले होते.

"पोलिसांना विचार की," धाकटी बहीण एउलालिया म्हणाली. "आपल्याकडे इतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणी दिलंय?"

ज्या ठाण्यात तिला फरफटत नेलं होतं, तिथे आता खुर्ची मिळाली, कॉफी मिळाली आणि फाइलही. शिपाई बाउदेलिओ ओचोआ याने सगळं टिपलं होतं: तिसरी पायरी, घोषणा शब्दन्‌शब्द. आणि वय, सोळा.

ऑर्तेन्सियाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ती अठराची होती. त्या दिवशी ओचोआने हळूच स्पॅनिशमध्ये विचारलं होतं, "किती वर्षांची गं, पोरी?" ती "अठरा!" म्हणून ओरडली होती आणि त्याच्या बुटावर थुंकली होती. अठरा पूर्ण झालेली मुलं तीन आठवडे आत राहिली. तिला मात्र संध्याकाळीच आईच्या हवाली केलं. 'माझ्या आवाजाला पोलीस घाबरले' असं ती नातवंडांना आजवर सांगत आली होती.

कारकुनाने अर्ज परत सरकवला. "वय जुळत नाही, आजी. एक तर हा कागद खोटा, नाहीतर ही मुलगी तुम्ही नव्हेच."

पोलीस खोटं लिहितात हे तिने जन्मभर सभासभांतून सांगितलं होतं. आता तिने मुकाट्याने अठरा खोडून सोळा केलं आणि सही ठोकली.

पायऱ्या वाचल्या. पितळी पाटी लागली: 'सोळा वर्षांची ऑर्तेन्सिया इथे उभी होती.'

"मी तेव्हा सतराची होते," एउलालिया म्हणाली. "आता मला ताई म्हणायचं हं!"

ऑर्तेन्सियाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ओचोआच्या घरचं कुणी आलंय का, असं ती समारंभाच्या गर्दीत एकेकाला विचारत होती. कुणीच आलं नव्हतं. त्यांना बोलवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.