चौकटीत न मावलेले अंगठे

मित्रांनो, मी एक जुनं पत्र आहे. एका नेत्याच्या कार्यालयात, काचेच्या चौकटीत टांगलेलं. पण तुम्हाला दिसतं ते माझं अर्धंच अंग आहे.

मुळात मी एटापल्लीच्या जंगलातला बांबू. बल्लारपूरच्या कारखान्यात माझा कागद झाला आणि वहीत बसून मी पुन्हा त्याच जंगलातल्या एका गावी आलं. तिथे गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, ग्रामसभा भरली होती. नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, हवा होता. गावातल्या नीलाबाईची सून रंजीता गरोदर होती, तिचे दिवस ऐन पावसाळ्यात भरत होते आणि दवाखाना नाल्यापलीकडे होता.

रामाजी गुरुजी लिहायला बसले. त्यांनी अर्धं पान साहेबांच्या, म्हणजे त्या नेत्याच्या, कौतुकाने भरलं.

"गुर्जी, एवढी गोडी काऊन लावता? सोयरीक जुळवाची हाय का?" नीलाबाई म्हणाली. सगळे हसले.

"मोठ्या मानसाले लिवून राह्यलो, बाई. आधी चांगलं लिवा लागते."

कौतुक खोटं नव्हतं. गावात साहेबांनी दिलेला हातपंप होता. मग खाली गुरुजींनी लिहिलं, 'रपट्यासाठी आपण दोनदा नारळ फोडला. रपटा झाला नाही. आपण शब्द मोडलात.' ते खोडणार, तोच नीलाबाई म्हणाली, "खोडू नोका. खरं हाय."

तिने माझ्या वरच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. तळाशी एक्केचाळीस अंगठे उमटले. पहिला तिचा, विळ्याच्या जुन्या जखमेची रेघ असलेला.

साहेबांच्या कार्यालयात धनराज नावाचे सहायक होते. कौतुकाची पत्रं साहेबांच्या टेबलावर आणि तक्रारींची पोत्यात, अशी त्यांची रीत. त्यांनी माझ्या वरच्या चार ओळी वाचल्या आणि ते खूश झाले. साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता, म्हणून मला चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं त्यांनी ठरवलं. चौकट लहान निघाली, म्हणून त्यांनी मला मधोमध मुडपलं. साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. मला वाटलं, आता ते मला उघडतील. त्यांनी उघडलं नाही. माझंच काही चुकलं असेल, असं मी कितीतरी दिवस मानत राहिलं.

पावसाळा संपल्यावर नीलाबाई कार्यालयात आली. हळदीच्या डागावरून तिने मला ओळखलं.

"हे तं आमचं पत्र!" तिने काचेवरून बोटं फिरवली. मग तिची नजर खाली गेली. "भाऊ, माहा आंगठा कुठी हाय?"

"मागं असन, बाई," धनराज म्हणाले. " चौकट लहान होती. चांगलं चांगलं समोर ठेवलं ना!"

"चांगलं ठेवलं, अन् आमाले मुडपलं?"

धनराज टेबलावरचे कागद नीट लावू लागले. नीलाबाई पुढे म्हणाली,

"नाला भरून होता, भाऊ. रंजीताले खाटेवर घेऊन आमी काठावरच बसलो. लेकरू नाई रायलं."

एवढं सांगून ती निघून गेली. धनराजांनी उठून चौकट खाली घेतली. माझ्या घडीत जीव आला. त्यांनी रुमालाने काच पुसली, तिच्या बोटांचे ठसे गेले आणि मी पुन्हा भिंतीवर आलं.

मित्रांनो, कुणाचंही पत्र हाती आलं तर ते शेवटपर्यंत वाचा. कौतुक वर असतं. माणसं खाली असतात.