अकराव्या परिच्छेदातला गुडघा

पेपरातलं सदर सहदेव इंगोलेला मिळालं तर त्याच्या पदरात काय काय पडणार, याची मोजदाद माधवी तायडेने आधीच करून ठेवली होती. दर रविवारी अमरावतीच्या दैनिकात फोटोसकट अख्खा रकाना. राजापेठेतल्या त्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर नावाखाली ‘विज्ञान-स्तंभलेखक’. शाळांच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतली खुर्ची, वर शाल आणि नारळ. आणि माधवीच्या आईचा गुडघा, कायमचा.

बाकीचं सगळं ती सोडून द्यायला तयार होती. गुडघा नाही.

गुडघ्याचं प्रकरण असं. ‘मोकळं विज्ञान’ नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. अकोला-अमरावतीकडची दोनशे चौदा माणसं त्यात आहेत. कुणी बँकेतलं, कुणी एसटीतलं, दोन पशुवैद्य, एक कीर्तनकारसुद्धा. रोज कुणीतरी तंत्रज्ञानाची नाहीतर विज्ञानाची बातमी टाकतं आणि मग सगळे मिळून तिचा भुगा करतात. चंद्रावर पाणी सापडलं की बडनेऱ्याचे एक कंडक्टर विचारतात, टँकर कोणाचा लागणार. झोप मोजणारं घड्याळ आलं की कुणी लिहितं, आमच्या घरी सासूबाई हेच काम फुकट करतात. माधवी अकोल्यात, जठारपेठेतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात ती अशी एखादी ओळ टाकायची की मागच्या चाळीस फिक्या पडाव्यात. लोक तिच्या ओळीची वाट पाहतात हे लोकांना माहीत होतं, आणि तिलाही.

सदराची गोष्ट निघण्याच्या दीड वर्ष आधी, पाऊस कधी येणार ते आधीच सांगणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची बातमी आली. माधवीने लिहिलं, ‘आमच्या आईले हे गुडघा सांगते. अन् गुडघ्याले रिचार्ज लागत नाही.’

वीस दिवसांनी अमरावतीच्या एका कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेलेल्या सहदेवने माईकवरून आपल्या आईचा गुडघा श्रोत्यांपुढे ठेवला. टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली. सहदेवची आई रोज पहाटे तीन किलोमीटर चालते, हे त्यानेच कधीतरी गटावर मिरवलेलं होतं. माधवीने चौकटीचा फोटो गटावर टाकला आणि विचारलं, हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटते का कोणाले? सहदेवचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं.

‘ताई, गुडघे काय तुमच्याच घरी हायेत का?’

त्यावर चौऱ्याऐंशी जण हसले. माधवीने मोजले. त्यातले अकरा तर तिच्या मूळ ओळीवरही हसले होते. त्या अकरांची नावं तिला आजही क्रमाने येतात.

आता गटाच्या नियमाबद्दल. गट काढला जानराव सरांनी, म्हणजे नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने. त्यांचा नियम एकच होता. बातमी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, आणि वाचली असेल तर मताच्या आधी ‘वाचलं’ असं लिहायचं. शपथ नाही, सही नाही, एवढा एक शब्द. कुणी तपासत नसे. सर म्हणत, वर्गात कॉपी पकडायले मी होतो, इथं जो तो आपला मास्तर.

ज्याला त्याला मास्तर केलं की वर्गाचं काय होतं ते सहदेवने दाखवून दिलं. लिंक पडली की मिनिटाच्या आत त्याचं ‘वाचलं’ हजर, पाठोपाठ एक चटकदार ओळ. वीस पानी अहवालसुद्धा त्याने पन्नास सेकंदांत वाचलेला आहे. हे सगळ्यांना दिसत होतं. पण ओळ चटकदार असे.

गेल्या हिवाळ्यात त्या दैनिकाच्या संपादकांनी सरांना फोन केला. रविवारच्या पुरवणीत विज्ञानाचं सदर सुरू करायचंय, तुमच्या गटातलं एक नाव सुचवा. सरांनी ही गोष्ट गटावर सांगून टाकली, कारण लपवाछपवी त्यांना जमत नसे. नाव महिनाअखेर कळवतो म्हणाले. त्या दिवसापासून सहदेव सरांना रोज सुप्रभात घालू लागला, आणि माधवी लेख लिहायला बसली.

लेख मिठाच्या बॅटरीवर होता. शीर्षक तिने मुद्दाम मोठं ठेवलं, ‘मिठाची बॅटरी आली: लिथियमचे दिवस भरले?’ पुढे चौदा परिच्छेद. सगळी माहिती खरी, चार ठिकाणी ताडून पाहिलेली, आणि निष्कर्ष शीर्षकाच्या बरोबर उलटा: दिवस भरलेले नाहीत, मिठाची बॅटरी स्वस्त पडते पण तेवढ्याच कामाला जड होते. अकराव्या परिच्छेदाच्या मध्यावर, सोडियम आणि तापमान यांच्या बेचक्यात, एक ओळ होती. ‘इथवर आला असाल तर माधवीला खासगीत ‘गुडघा’ एवढाच शब्द पाठवा आणि गटावर याबद्दल काही बोलू नका.’

आई, म्हणजे मनकर्णाबाई, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. लेकीने तो परिच्छेद हौसेने वाचून दाखवला. त्यांनी पाय लांब केला, गुडघ्यावर हात फिरवला.

“माह्या गुडघ्यापायी एवढं कावून करून राहिली तू?”

“त्यानं चोरला म्हणून.”

“दुखते मले. त्याले नेऊ दे ना दुखण्यासकट.” आणि थोड्या वेळाने, लसणाकडेच पाहत, “उंदराची गोळी ठेवते तं जरा पाहून ठेव, बाई. घरात मांजरबी फिरते.”

माधवीने ऐकलं, पण ऐकण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिने एका नव्या ब्लॉगवर लेख चढवला आणि लेखकाच्या नावाशिवाय लिंक गटावर टाकली. एकावन्नाव्या सेकंदाला सहदेव आला. ‘वाचलं. लेखकाने बरोबर लिहिलं, लिथियमचे दिवस भरले. आता लोणच्याची बरणी चार्जिंगले लावा.’ बरणीवर साठ जण हसले. मग एकामागून एक ‘वाचलं’ पडू लागली. कुणी खाऱ्या शेंगदाण्यावर मोबाइल चालवला, कुणी समुद्राचं वीजबिल काढलं. माधवीने दोन दिवस एक अक्षर लिहिलं नाही. गटावर तिची ओळ न येण्याची ही पहिली वेळ होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, याचीही तिने नोंद घेतली.

रविवारी सकाळपर्यंत सत्तावन्न जणांनी ‘वाचलं’ लिहिलं. खासगीत ‘गुडघा’ पाठवणारे चार. बडनेऱ्याचे कंडक्टर, मूर्तिजापूरची एक नर्स, ते कीर्तनकार, आणि परतवाड्याच्या रुख्मिणी नावाच्या एक बाई, ज्यांचा ‘वाचलं’ हा गटावरचा पहिलाच शब्द होता.

माधवीने गटातलं सगळं संभाषण लॅबच्या कॉम्प्युटरवर उतरवलं, ‘वाचलं’ शब्द असलेली नावं एका सूत्राने वेगळी केली, चौघांना वगळलं. त्रेपन्न नावं एकाखाली एक उतरली. कोणी आधी लिहिलं त्या क्रमाने. पहिलं नाव पाहून ती एकटीच हसली. दीड वर्ष थांबली होती ती त्या पहिल्या नावासाठी. पुढे पाहायचं तिला कारणच उरलं नव्हतं.

तिने यादी गटावर टाकली. वर अकरावा परिच्छेद जसाच्या तसा, खाली चार ओळी: ‘लेख माझा आहे. शब्द चारच जणांकडून आला. खालील त्रेपन्न जणांनी न वाचता ‘वाचलं’ लिहिलं. पहिल्या क्रमांकाचं विशेष अभिनंदन, गुडघे त्यांच्याही घरी आहेत.’

मग सहदेव आला.

‘ताई, मी वाचण्यातबी पयला अन् न वाचण्यातबी पयला. सत्कार कधी ठेवता?’

एक्क्याण्णव जण हसले. यादीतले बहुतेक सगळे हसले, कारण हसण्यात सुटका होती. माधवी उत्तर जुळवत होती, चांगलं जुळतही आलं होतं, तेवढ्यात कंडक्टरांनी फक्त एक आकडा लिहिला. ‘३१.’

तिने यादी वर सरकवली. एकतिसावं नाव जानराव सरांचं होतं.

माधवीने स्वतःची यादी वाचलेली नव्हती.

सरांचा संदेश अर्ध्या तासाने आला, बोलून पाठवलेला. आवाज शांत होता, वर्गात हजेरी घेताना असावा तसा. म्हणाले, “यादी बरोबर आहे. दोन वर्षांपासून मले बारीक अक्षर दिसत नाही. मोठं शीर्षक तेवढं दिसते. माही नात, अपेक्षा, वाचून दाखवायची, ती शिकायले नागपूरले गेली. तवापासून मी शीर्षक पाहून ‘वाचलं’ लिहीत होतो. नियम माह्याच, मोडलाबी मीच. माधवीनं कोणाचं नाव गाळलं नाही, हे चांगलं केलं.”

मग ‘जानराव सर गटातून बाहेर पडले’ अशी करड्या अक्षरातली ओळ उमटली. माधवीने सरांचं शेवटचं वाक्य पुन्हा लावून ऐकलं. गाळलं नाही हे खरंच होतं.

तिने संध्याकाळपर्यंत सातदा फोन केला, सरांनी सातव्यांदा उचलला. माफीचं बोलणं त्यांनी पहिल्याच शब्दाला थांबवलं. मग सहज, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, की संपादकांना नाव त्यांनी शुक्रवारी दुपारीच कळवलं होतं. तिचंच.

“आता ते म्हणतात,” सर बोलले, “न वाचता ‘वाचलं’ लिहिणाऱ्या माणसाची शिफारस कशी धरायची? बरोबर हाये त्याहीचं.”

“मंग सदर कोणाले?”

“लोक ज्याच्यावर हसतात त्याले. यादीवर त्याले एक्क्याण्णव आले ना. संपादकाले कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट पाठवला.”

पुढच्याच रविवारी सहदेवचं सदर सुरू झालं. पहिला लेख न वाचता मतं देणाऱ्या समाजावर होता, आणि चांगला कळवळून लिहिलेला होता. शेवट आईच्या गुडघ्यावर.

माधवीने सरांना मोबाइल वाचून दाखवतो ते अ‍ॅप सुचवलं. सरांनी चार दिवस वापरलं आणि काढून टाकलं. ते वाचते, पण हसावं कुठी हे त्याले समजत नाही, म्हणाले. तू वाचत जा. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला ती नांदगावला फोन लावते. विज्ञानाच्या चार बातम्या, शेवटपर्यंत. त्याआधी मात्र सरांचा एक आग्रह असतो: इंगोलेचं सदर. पहिल्या रविवारी ती तिसऱ्या ओळीला थांबली, यात चूक आहे म्हणाली.

“पूर्ण वाच,” सर म्हणाले. “मंग बोल.”

तेव्हा शेवटचा जमाखर्च. त्रेपन्नांपैकी एकावन्न जण आठवड्यात विसरले. त्यांचं काही गेलं नाही. सहदेवचं गेलं नाहीच, वर फोटो मिळाला. सरांचा गट गेला आणि एकतीस वर्षांचा शब्द गेला. मनकर्णाबाईंचा गुडघा छापून गेला, दुखणं तेवढं घरी राहिलं. आणि माधवी दर रविवारी सहा मिनिटांचा हप्ता भरते, सहदेवच्या ओळी आपल्या आवाजात, जिथे हसू यायला हवं तिथे नेमकं हसू आणून, अकराव्या परिच्छेदापर्यंत आणि त्याच्याही पुढे.