फोडलेल्या जोडीतला उजवा

मी एक जुना, उजव्या हाताचा मोजा आहे. नुसता मोजा म्हटले की तुम्हाला थंडी आठवेल, म्हणून आधीच सांगतो, मी मुष्टियुद्धाचा मोजा आहे. विदर्भातल्या पांढरकवडा गावात मला सगळे ‘ग्लोज’ म्हणत. माझा जन्म १९५७ सालचा, वाहिदचाचांच्या दुकानातला. चाचा टांग्याच्या घोड्यांची खोगिरे शिवायचे. मुष्टियुद्धाचे मोजे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. फौजेतून परतलेल्या खेमसिंगने भिंतीवर कोळशाने चित्र काढून दाखवले आणि त्यावरून चाचांनी मला व माझ्या डाव्या भावाला शिवले. वरून कातडे, आतून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातला कापूस. डावा जरा फुगीर झाला. मी देखणा झालो, असे चाचाच म्हणाले. मी पदरचे सांगत नाही.

मित्रांनो, खेमसिंगच्या मुष्टियुद्ध मंडळाकडे मोज्यांची ही एकच जोडी होती आणि पोरे होती वीस. मग त्याने रीत घातली. एकाने उजवा घालायचा, दुसऱ्याने डावा, आणि रिकामा हात पाठीमागे धरायचा. डाव संपला की मोजे बदलायचे. दर पोळ्याला चाचा आम्हा दोघांना उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरत. त्या दिवशी बैलांबरोबर आमचेही कौतुक होई.

त्या वीस पोरांत उकंडा होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. छप्पन साली आईबापांबरोबर नागपूरला जाऊन तो बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. गावात अजून कित्येक जण त्याच्या हातचे पाणी घेत नसत. खेमसिंगने मात्र पहिल्या दिवशी एवढेच म्हटले, “हात पुढं कर.” उकंडाची मूठ माझ्यात शिरली आणि साच्यात ढेप बसावी तशी बसली. खरे सांगतो, इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मंडळाचे कागद विठ्ठलराव बघत. ते जिनिंगमध्ये कारकून होते. माझ्या जन्माआधी, विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हा, त्यांनीच खेटे घालून जिल्ह्याचे मंडळ म्हणून मान्यता मिळवली होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि जुना कागद चालतो की नाही, हे कोणीच धड सांगेना. खेमसिंगला धीर कुठला! तो परस्पर जाऊन स्वतःच्या नावाने नवा कागद घेऊन आला. तेवढ्यात जिल्ह्यासाठी थोडे अनुदान जाहीर झाले. अनुदान एक आणि चिटणीस दोन.

“कागद मी जमवले अन् चिटणीस तू कसा?” विठ्ठलराव म्हणाले.

“पोरं म्या घडवले. कागदानं ठोसा मारता येते काय?” खेमसिंग म्हणाला.

दोघांचेही खरे होते, हीच तर पंचाईत होती. शेवटी दोघांनाही मान्य असलेल्या म्हाताऱ्या हिरासिंगना पंच म्हणून बोलावले. त्यांनी बराच वेळ विचार करून निवाडा दिला. “एक ग्लोज याच्यापाशी राहू द्या, एक त्याच्यापाशी. एका ग्लोजानं कोनाचंच भागनार नाही. आठ दिवसांत येतीन दोघं एका जागी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ओरडावेसे वाटले, पण चामड्याला तोंड कुठे असते? मी विठ्ठलरावांकडे आलो, डावा खेमसिंगकडे गेला. त्या आठ दिवसांची दोन वर्षे झाली. पोरे एकेक करून पांगली.

राहिला तो उकंडा. रोज सकाळी विठ्ठलरावांच्या पडवीत येऊन तो मला घालून उजव्या हाताचा सराव करी, संध्याकाळी खेमसिंगच्या अंगणात डावा घालून डाव्या हाताचा. मला भावाची खबर त्याच्याकडूनच मिळे. पोळ्याला विठ्ठलराव मला चाचांकडे घेऊन गेले, तर चाचांनी मला हातही लावला नाही. “जोडी लाव बाबू. एकाले भरून काय करू? दोन्हीचं वजन बराबर पाह्यजे,” असे म्हणून त्यांनी परत पाठवले.

१९६१ साली नागपूरला मोठे सामने ठरले. तिथे एका गिरणीची माणसे आपल्या संघासाठी खेळाडू निवडणार होती. निवड झाली की कायमची नोकरी. उकंडाने या एका दिवसासाठी चार वर्षे घाम गाळला होता. अर्जावर जिल्ह्याच्या चिटणीसाची सही आणि शिक्का हवा होता. दोघांचेही उपकार, मग दुखवायचे कोणाला? भोळा बिचारा, आधी विठ्ठलरावांची सही आणि शिक्का घेतला, मग खेमसिंगकडे गेला. खेमसिंगने शेजारी आपला शिक्का आणखी जोरात उमटवला. “एकानं नाही भागलं तं दुसरा कामी येईन,” असे उकंडा मला सांगत होता. दोन वर्षांत ते दोघे पहिल्यांदाच एका कागदावर आले होते, म्हणून मीही खूश झालो. माझीही अक्कल तेवढीच!

चौथ्या दिवशी तो नागपूरहून पडवीत परत आला.

“सामनेवाल्यांनी कागद पाह्यला अन् वापस देल्ला, बाबूजी. म्हने, एका जिल्ह्याचे दोन शिक्के कसे? खरा कोनता ते ठरवून या.”

“मंग माहा शिक्का खरा हाय म्हणून सांगाचं होतं ना!” विठ्ठलराव उसळले.

“मले लढाले जायाचं होतं, बाबूजी,” एवढेच उकंडा बोलला. मग त्याने मला हातात चढवले, दातांनी नाडी ओढली आणि उभा राहिला. समोर कोणी नव्हते, डावा हात उघडा होता. थोड्या वेळाने त्याने मला काढले, सदऱ्याने पुसले आणि फळीवर ठेवले. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही. आता तो हैदराबाद रस्त्यावर ट्रकांत माल भरतो, असे ऐकतो. अनुदान कोणी उचललेच नाही, ते परत गेले. डाव्याची खबर सांगणारे आता कोणी नाही.

मित्रांनो, मोठ्यांची भांडणे तुम्हाला मिटवता येणार नाहीत, मलाही आली नाहीत. पण तुम्ही मोठे व्हाल, पंच व्हाल, चिटणीस व्हाल. तेव्हा वाटणी करण्याआधी एवढे विचारा, की ही वस्तू कोणाच्या हातासाठी शिवली होती?

माझे कातडे आता तडकले आहे. विठ्ठलरावांच्या कपाटात मी पडून असतो. मंडळाचा शिक्का धुळीने खराब होऊ नये म्हणून ते तो माझ्या आत ठेवतात, जिथे उकंडाची मूठ असे तिथे. मला तो बाहेर टाकता येत नाही.