काडीचे दोन तुकडे

घाटात विजेची गाडी सुरू झाली, त्या वर्षी कुसगावच्या महिपतीने बायकोशी काडीमोड घेतला. शालूबाईचा गुन्हा एवढाच, की सुदुंबऱ्याला भावाच्या मळणीला गेली ती चार दिवस जास्त राहिली.

पंच म्हणाले, "बाबा, आठ दिस इचार कर." पण पारावर सगळा गाव जमलेला. एरवी तंबाखूच्या पुडीसाठी तीन दुकानं हिंडणारा महिपती त्या दिवशी मात्र ताठला. "आपला शबुद एकच!" म्हणाला आणि गवताची काडी कटकन मोडून मोकळा झाला. शालूबाई खाली मान घालून उभी होती. तिला कुणी काही विचारलंच नाही. माणसं पांगल्यावर महिपतीने दोन्ही तुकडे उचलून हळूच पागोट्यात खोवले. ताठा टिकला तो एवढाच वेळ.

भातलावणी एकट्याने उरकल्यावर तो लोणावळ्याच्या दत्तोबा मास्तरांकडे गेला. "मास्तर, सायबाला अर्ज लिवा. काडीमोड रद्द करा म्हनावं."

मास्तरांनी चष्मा पुसला. "साहेब अशा निर्णयाला डिसिजन म्हणतो. शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, कापून टाकणं. समोर चार वाटा असतात. एक ठेवायची, बाकीच्या तोडायच्या."

"म्हंजी त्येबी काडीच मोडत्यात?"

"मोडतात. पण निदान कागदावर तरी आधी दुसऱ्याला विचारतात."

महिपतीने पागोटं चाचपलं. "माज्याम्होरं एकच वाट हुती. तीच तोडली म्या."

"मग साहेब काय करणार? तिच्याकडे जा."

तो पहाटे निघाला. सुदुंबऱ्याला शालूबाई ओसरीवर नवी चोळी शिवत होती. सोमवारी तिचा पाट लागायचा होता, चाकणच्या एका बिजवराशी. महिपतीने पागोट्यातून काडी काढली. दोऱ्याने बांधलेली.

तिने ती निरखून पाहिली. "गाठ चांगली मारलीया."

त्याचा चेहरा उजळला.

"मोडताना मला इचारलं न्हाई. बांधतानाबी न्हाई."

"आता इचारतो की."

"आता म्या शबुद दिलाय." काडी तिने त्याच्या हातावर ठेवली. मग आत जाऊन दोन भाकरी फडक्यात बांधून आणल्या. "लांब जायचंय तुमास्नी."

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता तो कुसगावात शिरला. पारावरून कुणीतरी हटकलं, "कुटं गेलतास रं?"

"मळणीला," महिपती म्हणाला.

भर भादव्यात, भात शेतात उभं असताना मळणी! पण कुणी हसलं नाही.